कुंकू लागलेली नोटीस

माझं काम फळ्याचं. शाळेचा फळा नव्हे. तो मी सातवीपर्यंतच पाहिला, त्यातही सातवीत दोन वर्षं. मी सांगतोय तो फळा विवाह नोंदणी कार्यालयातला. भिंतीवर लाकडी चौकट, पुढे काच, काचेला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली माझ्या करगोट्याला. उपनगरातल्या त्या ऑफिसात मी शिपाई होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, घरात बसून भिंतीकडे बघता, त्यापेक्षा लिहा काहीतरी." म्हणून लिहितोय. चूकभूल तिनं सुधारलीय, शब्द माझे आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भटजीशिवाय, जात-धर्म न बघता कायद्यानं लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण तरी आमच्या हद्दीत तीस दिवस राहिलेला हवा. त्या नोटिशीची प्रत मी फळ्यावर लावायचो. नाव, वय, धंदा, पत्ता, सगळं उघड्यावर. तीस दिवस ती तिथं राहते. कुणाची हरकत असेल तर त्यानं यायचं. हरकत नाही आली, तर तीन साक्षीदार घेऊन दोघांनी यायचं, साहेबांसमोर बोलायचं, सह्या करायच्या, झालं लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत हे उरकलं नाही तर नोटीस मेली. पुन्हा पहिल्यापासून.

त्यात माझी कामं दोन. नोटीस लावणं-काढणं, आणि वेळ झाली की दारात उभं राहून हाक मारणं, "नवरा कोण? बायको कोण? पुढे या!" बाकीचे शिपाई नावं पुकारायचे. मी नाही. नावं वाचताना माझी जीभ अडखळायची, विशेषतः इंग्रजी. नवरा आणि बायको हे दोन शब्द मला पक्के येत होते.

माणसं बघायला मिळाली. एक बाप रोज सकाळी यायचा. फळ्यासमोर उभा राहायचा, मुलीची नोटीस वाचायचा आणि जायचा. मला वाटलं, हा हरकत घेणार, नाहीतर कोयता काढणार. आमच्या नोंदणी अधिकारी मॅडमना मी सांगूनही ठेवलं. तिसाव्या दिवशी तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "कुणी आलं नाही ना मोडता घालायला?" म्हटलं, नाही. "मग उद्या होईल ना?" म्हटलं, होईल. दुसऱ्या दिवशी तो समोरच्या फुटपाथवर उभा होता, कागदात पेढे. आत आला नाही. पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं की बाप रोज पहारा देत होता.

दुसरा एक नवरा एवढा घाबरलेला की त्यानं सही साक्षीदाराच्या रकान्यात केली. त्याची बायको म्हणाली, "बघा, सुटायला बघतोय."

आता परदेशी लोकांचं. ते वर्षाकाठी चारदोन यायचे. त्यांच्या वकिलातीचा कागद लागायचा, ह्या माणसाला लग्नाला अडकाठी नाही असा. इथली पोरं-पोरी आणि तिथलं माणूस. चांगली पण आली, उगाच खोटं कशाला बोलू. पण काही अशी यायची की सही होते न होते तोच, "सर्टिफिकेट किती वाजता? व्हिसाला लावायचंय." एकमेकांकडे बघणं नाही, हार घालणं नाही. कागद घेतला की टॅक्सी. तसलं बघून बघून माझं मन कडू झालेलं. परदेशी पासपोर्ट दिसला की मी मनात म्हणायचो, आले तिकीट काढायला.

म्हणून दीपक आणि लॉर्ना आले तेव्हा मी वाकडं तोंड केलं.

दीपक मुलुंडचा. चाळिशी उलटलेला, एसी दुरुस्त करणारा, एक पाय किंचित ओढत चालायचा. लॉर्ना फिलिपिन्सची, त्याच्याच वयाची, बुटकी, हसरी. दोघं आखातात कामाला होते, तिथली ओळख. ती एका घरात म्हाताऱ्या बाईला सांभाळायची. हिंदी तिथंच शिकलेली, तोडकीमोडकी पण बेधडक. पर्यटकांच्या व्हिसावर पाच आठवड्यांसाठी आलेली. घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी नोटीस दिली.

मी फळ्याची काच उघडता उघडता दीपकला विचारलं, "मग जाणार कधी तिकडे?"

"मी कुठे जातोय, काका? वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांना कुठे टाकून जाऊ?"

"मग ही इथं राहणार?"

"नाही हो. तिची आई डायलिसिसवर आहे. आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. शेजारीण पाच आठवडे बघते म्हणालीय. दिवाळी झाली की परत जाणार."

मी थांबलो. "म्हणजे तू इथं, ती तिथं?"

"हो."

"मग लग्न कशाला करताय रे?"

लॉर्नाला प्रश्न कळला. ती म्हणाली, "अंकल, पहला फोन के लिए."

मला काही कळलं नाही. मग दीपकनं सांगितलं. आखातात तो शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. कंपनीनं फोन केला मुलुंडला, बहिणीला. बहिणीला लॉर्ना कोण हे माहीतच नाही. लॉर्ना दोन गल्ल्या सोडून कामाला. तिला कळलं सहा दिवसांनी. ती दवाखान्यात गेली तर तिथं विचारलं, तू कोण? आता काय सांगणार? बहीण नाही, बायको नाही. तिला बाहेरूनच परत पाठवली.

"तेव्हा ठरवलं," दीपक म्हणाला. "आम्ही दोघं कुठेही असू दे, काका. एकाला काही झालं तर पहिला फोन दुसऱ्याला जायला पाहिजे. आणि तू कोण विचारलं तर उत्तर पाहिजे."

मी नोटीस लावली, कुलूप घातलं. तरी मनात म्हटलं, ही काय नाटकं.

त्या रविवारी बायकोला फोन केला. तिचं नाव इंदू. ती गावाला, मालवणकडे. आमचं असंच होतं. मी घाटकोपरच्या खोलीत, ती गावच्या घरात, माझे आईबाप, शेत, गुरं आणि मुलगी सांभाळत. मी वर्षातून दोनदा जायचो, गणपतीला आणि शिमग्याला. आमच्या वाडीत निम्म्या बायकांचं हेच. तिला मी हसत हसत दीपक-लॉर्नाची गोष्ट सांगितली. म्हटलं, "लग्न करणार आणि ती विमानात बसून परत जाणार. ह्याला काय लग्न म्हणायचं?"

ती म्हणाली, "मगे आपला काय हुता?"

मी म्हटलं, "आपलं वेगळं."

"काय वेगळा? तुमी वरसाक दोनदा येतास. ह्या कसला लगीन म्हणान माका कोण इचारूक नाय. त्या बाईक मात्र तुमी इचारलास."

मी फोन ठेवला. राग आला होता. तिच्यावर नव्हे, कुणावर ते मलाच कळेना.

आता माझ्या चुकीकडे येतो. ही चूक आमच्यासारखाच माणूस करू जाणे. खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. माझं हत्यार फळा. म्हणून दरवर्षी त्या दिवशी मी फळा भिंतीवरून उतरवायचो, धुऊन पुसायचो, नवं हिरवं कापड ठोकायचो. नोटिसा सगळ्या काढून एकत्र करायच्या, रजिस्टरांच्या चळतीवर ठेवायच्या, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. मग नोटिसा परत जागेवर आणि रजिस्टरं लाल कपड्यात बांधून कपाटात. ऑफिसात सगळे म्हणायचे, सावंतांची पूजा म्हणजे पूजा. मलाही गर्व होता. कबूल करतो.

त्या वर्षीही तसंच केलं. नोटिसा परत लावल्या. मोजल्या नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपून ऑफिस उघडलं, त्या दुपारी मी तीस दिवस भरलेल्या नोटिसा काढायला गेलो. दीपक-लॉर्नाची सापडेना. वरची ओळ बघितली, खालची बघितली. जमिनीवर बघितलं. मग आठवलं. कपाट उघडलं, लाल कपडा सोडला. सगळ्यात वरच्या रजिस्टराच्या पुठ्ठ्याला ती चिकटली होती. नारळाचं पाणी उडालेलं, त्यानं कागद बसला होता पक्का. हळूच सोडवला. बरोबर मध्ये, जिथं बायकोचं नाव, तिथं कुंकवाचा मोठा डाग.

म्हणजे नोटीस फळ्यावर फक्त नऊ दिवस होती. पुढचे दिवस ती कपाटात, लाल कपड्यात, पूजेत.

लग्न उद्यावर. तिचं विमान तीन दिवसांवर. कुणाला काही माहीत नाही. फळ्याची किल्ली माझ्याकडे. मी नोटीस काढून फाइलला लावली असती तर देवाशिवाय कुणाला कळलं नसतं. आणि सांगितलं तर? तीस दिवस नव्यानं. ती तर निघून जाणार.

मी जिन्यात जाऊन इंदूला फोन लावला. अवेळी फोन म्हणून ती घाबरली. सगळं सांगितलं. वर म्हटलं, "गप्प राहतो. त्यांचंच भलं होईल."

ती म्हणाली, "त्येंचा भला की तुमचा?"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"सांगान टाका. उद्या खंय दवाखान्यात कोणी त्या बाईक बोललो की तुझो कागद खोटो, तर ती काय करतली? कागदासाठीच इलीहा ती. लपवलास तर तुमका झोप लागाची नाय, माका ठाऊक आसा."

ही बाई चौथी शिकलेली. कायदा तिला मॅडमइतका कळला.

मॅडम कडक होत्या. नोटीस हातात घेऊन डागाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "सावंत, तुम्ही सांगितलं नसतं तर?" म्हटलं, "तर तुम्हाला कळलं नसतं." त्यांनी मला लेखी खुलासा द्यायला लावला, शेरा पडला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे. मग म्हणाल्या, नोटीस आजपासून पुन्हा तीस दिवस लागेल. पहिल्या तारखेपासूनचे तीन महिने जानेवारीच्या सुरुवातीला संपतात. त्याच्या आत दोघं समोर उभी राहिली तर ठीक. नाहीतर सगळं रद्द. "आणि हे त्यांना तुम्हीच सांगायचं."

दोघांना बोलावलं. बाकड्यावर बसवलं. मी उभा राहूनच सांगितलं. हात जोडले. म्हटलं, चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. शिव्या द्या.

दीपक खाली बघत राहिला. त्याची बहीण पण आली होती, ती उसळली. "अहो काका, डोकं आहे का ठिकाणावर? पोरगी समुद्र ओलांडून आलीय! तुमच्या नारळापायी!" ती बोलली ते बरोबरच होतं.

लॉर्नानं नोटीस मागून घेतली. डागावर बोट फिरवलं. मग मला विचारलं, "अंकल, तुम क्यों बोला? नहीं बोलता तो कौन देखता?"

"कोई नहीं देखता," मी म्हटलं.

"फिर?"

"मेरी बायको बोली, बोलो."

ती हसली. खरंच हसली हो. दीपककडे वळून म्हणाली, "फिर से लगाओ. मेरा पेपर में गलत नहीं मंगता. मैं वापस आयेगा."

बहीण म्हणाली, "आणि नाही येता आलं तर? आईचं काही झालं तर?"

तेव्हा दीपकनं मान वर केली. "ताई, घाई व्हिसा पाहिजे असणाऱ्याला असते. आम्हाला कुठे जायचंय? ती आली तर ह्या वर्षी, नाहीतर पुन्हा नोटीस देऊ."

इतकी वर्षं मी त्या दारात उभा होतो. लग्नासाठी रडणारे पाहिले, भांडणारे पाहिले, पळून आलेले पाहिले. पण ज्यांना त्या कागदातून काहीच मिळवायचं नाही, ना देश, ना घर, ना रोजचं जेवण एका ताटात, आणि तरी तो कागद शंभर टक्के खरा पाहिजे म्हणून जे हातातलं लग्न सोडतात, अशी दोनच माणसं पाहिली.

नवी प्रत काढली आणि लावली. डागाळलेली मॅडमनी फाइलला ठेवली. पुढचे तीस दिवस मी एकही रजा घेतली नाही. सकाळी आल्याबरोबर आधी फळा, मग पाणी. ठरल्या दिवशी लॉर्ना गेली. दर शनिवारी दीपक यायचा, काचेतून नोटिशीचा फोटो काढायचा आणि तिला पाठवायचा. एकदा तिनं उलट फोटो पाठवला, तिची आई खुर्चीत, हातात फोन, फोनवर आमचा फळा. मी ऑफिसभर दाखवला.

मुदत भरली. कुणाची हरकत नाही. आता ती यायची बाकी. डिसेंबरात तिच्याकडे वादळ झालं, विमानं बंद. दीपक रोज फोन करायचा, "काका, नक्की शेवटची तारीख कुठली?" मी रोज तीच सांगायचो. मग कळलं, नाताळ आईबरोबर करून ती निघतेय. हातात मोजके दिवस. तिसऱ्या साक्षीदाराचा घोळ झाला. बहीण होती, एक मित्र होता, तिसरा गावी अडकला. मी इंदूला सहज सांगितलं.

ती म्हणाली, "मी येतंय."

"तू? कशाला?"

"सही करूक येता माका."

तिनं म्हशी शेजारणीकडे दिल्या आणि आली. एवढ्या वर्षांत तिनं माझं ऑफिस पहिल्यांदा पाहिलं. फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, डोक्यात अबोलीचा गजरा, गावाहून डब्यातून आणलेला. अर्धा गजरा तिनं तोडून लॉर्नाच्या केसांत घातला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तासभर गप्पा.

मी दारात उभा राहिलो. घसा साफ केला. "नवरा कोण? बायको कोण? पुढे या!" माझा आवाज फाटला. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

कायद्याप्रमाणे दोघांनी एकमेकांना स्वीकारतो असं तोंडानं म्हणावं लागतं, कळेल त्या भाषेत चालतं. लॉर्नानं मराठीत म्हटलं. पाठ करून आली होती. "मी तुला माझा कायदेशीर नवरा मानते." कायदेशीर शब्दाला तिची जीभ वळली, माझीसुद्धा वळत नाही. मग सह्या. इंदूनं पेन घट्ट धरून, जीभ दातात धरून, पूर्ण नाव लिहिलं. माझ्या नावासकट. आणि दोन दिवसांनी लॉर्ना परत गेली.

लग्नाच्या संध्याकाळी घाटकोपरला चालत येताना इंदू म्हणाली, "आपली पण नावां लावा मां त्या फळ्यार एकदा."

मी म्हटलं, "वेडी काय? लोक हसतील. म्हातारा शिपाई स्वतःचीच नोटीस लावतोय." झालेलं लग्नसुद्धा नोंदता येतं, हे मला माहीत होतं. लोकांना मीच सांगायचो. पण मी हसण्यावारी नेलं. तीही हसली आणि परत कधी बोलली नाही. त्याचं मला आता वाईट वाटतं. एवढंसं काम होतं. किल्ली माझ्याकडे होती.

दीपक आणि लॉर्नाचं तसंच चाललंय. ती वर्षात एक महिना येते, तो एक महिना जातो. त्याचे वडील गेले तेव्हा ती तिकडे फिलिपिन्सला होती, तिला पहिला फोन दीपकनं केला. पुढे तिची आई गेली. त्या दिवशी दीपकनं मला फोन केला. रडत होता, पण म्हणाला, "काका, तिकडच्या दवाखान्यातल्या नर्सनं तिला विचारलं, कुणाला कळवू? तिनं माझं नाव सांगितलं. पहिला फोन मला आला."

मी निवृत्त झालो आणि गावाला गेलो. आम्ही दोघं पहिल्यांदा सलग एका घरात राहिलो. सुरुवातीला ती म्हणायची, "तुमी जाणार कधी?" सवयच नव्हती. मी चुलीत चुकीची लाकडं घालायचो, ती ओरडायची. बरं चाललं होतं. पण पेन्शनवाल्याला दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, मी जिवंत आहे असा. आता तो फोनवर पण होतो म्हणतात. मी हट्टी. घाटकोपरच्या माझ्या बँकेत जाऊनच द्यायचा. गेल्या वर्षी निघालो तेव्हा इंदू म्हणाली, "येताना लाल कपडो आणा, देव्हाऱ्याक."

बँकेत बाकड्यावर बसलो होतो. दाखला भरलेला, हातात. फोन वाजला. अनोळखी नंबर. तालुक्याच्या दवाखान्यातली कुणी मुलगी होती, घाईत. इंदूचं पूर्ण नाव घेतलं, तिनं त्या दिवशी सहीत लिहिलं होतं तसं, माझ्या नावासकट. आणि विचारलं, "यांचे नवरे कोण?"

तेहतीस वर्षं मी ही हाक मारली. मला कुणी कधी मारली नव्हती. मी उभा राहिलो.

"मी," म्हटलं. "मी नवरा."